निवाडा शोधायला दोघी लागायच्या

सांगलीच्या कोर्टात वकील म्हणून आम्ही दोघी एकाच आठवड्यात दाखल झालो. कॉलेजातही एका वर्गात होतो, पण तिथे मुली मोजक्याच, त्यामुळे ओळख असणं भागच होतं. मैत्री झाली ती बारच्या लायब्ररीत. बाररूममध्ये बायकांना बसायला वेगळी जागा नव्हती. खुर्च्या होत्या, पण ज्या त्या वकिलाची खुर्ची ठरलेली. चुकून बसलो तर कोणी काही बोलायचं नाही, फक्त समोर येऊन उभं राहायचं. म्हणून आम्ही लायब्ररीत गेलो आणि तिथल्याच झालो.

लायब्ररी म्हणजे एक लांब खोली. भिंतीला लागून काचेची कपाटं आणि त्यांत निवाड्यांचे जाड बांधीव खंड ओळीने लावलेले. मधे एक टेबल. एका कोपऱ्यात पोस्टाने आलेले नवे अंक पडलेले असत. वर्ष संपलं की ते अंक बाइंडिंगला जायचे आणि कापडी पुठ्ठ्यात बांधून परत यायचे. खिडकी पश्चिमेला होती. दुपारनंतर ऊन थेट टेबलावर यायचं आणि आम्ही खुर्च्या सरकवत सरकवत भिंतीपर्यंत जायचो.

आज हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा एखाद्या मुद्द्यावर वरच्या कोर्टाने काय म्हटलंय हे शोधायला अख्खी दुपार जायची. आधी डायजेस्ट काढायचा, म्हणजे निवाड्यांची विषयवार सूची. त्यात कलम शोधायचं, कलमाखालचे बारीक टाइपातले परिच्छेद वाचायचे, आपल्या उपयोगाचा वाटला की त्याचा खंड कपाटातून उतरवायचा. आणि खरं काम तिथून पुढे. तो निवाडा अजून जिवंत आहे का, की नंतर जास्त न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने तो फिरवला, हे बघायचं. त्यासाठी पुढच्या प्रत्येक वर्षाच्या खंडामागची, फिरवलेल्या निवाड्यांची यादी चाळायला लागायची. एकटीने केलं तर डोळे फिरायचे. म्हणून आम्ही वाटणी केली होती. मी वर्ष आणि पान म्हणायची, ती यादीवरून बोट फिरवायची. सापडलं नाही की "पुढे" म्हणायची. त्या "पुढे"ची एक लय झाली होती. काही वेळा ऊन टेबलावरून उतरून फरशीवर जायचं आणि आमचं पुढे, पुढे चालूच असायचं.

ती शाळामास्तरांची मुलगी. बोलणं बेताचं, अक्षर सुरेख. माझे वडील हळदीच्या पेठेत अडत्याकडे दिवाणजी. हळदीचा हंगाम असला की माझ्या साड्यांनाही वास यायचा, आणि ती नाक जवळ आणून म्हणायची, "आज पेठ चालू दिसते." दुपारी आम्ही भडंगाचा पुडा फोडायचो, पण आधी पुस्तकं मिटून. तेलकट हात पानाला लागलेले तिला चालायचे नाहीत. मी एकदा घाईत बोट पुसलं नाही, तर तिने रुमाल काढून पुढे धरला.

एका दुपारी ती म्हणाली, "मी न्यायाधीशाची परीक्षा देतेय."

मी म्हटलं, "मग मी कुणाबरोबर वाचायचं?"

"तूही दे की."

मी दिली नाही. माझं लग्न ठरत होतं, मुलगा साताऱ्याचा होता. शिवाय मला भांडायला आवडायचं. खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंचं ऐकत राहणं माझ्याच्याने झालं नसतं. तिला ते जमणार हे मात्र मला तेव्हाच दिसत होतं. आमच्यात कधी वाद झाला तर ती माझं सगळं ऐकून घ्यायची, मग म्हणायची, "आता समोरचा काय म्हणेल ते तूच सांग."

ती पास झाली. मराठवाड्यातल्या एका लहान गावी तिची पहिली नेमणूक झाली. मी लग्न होऊन साताऱ्याला आले आणि एका वयस्क वकिलांच्या ऑफिसात काम करू लागले. मला तिची पत्रं यायची. एका पत्रात तिने लिहिलं होतं, की इथे मला नावाने हाक मारणारं कोणी नाही, सगळे मॅडम म्हणतात, दूधवालासुद्धा. बाकी पत्र घराबद्दल होतं, पाण्याबद्दल होतं. ते एक वाक्य मला पुष्कळ दिवस पुरलं.

मग तिची बदली झाली, आणि झाली ती वडूजला. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत एसटीने जेमतेम दोन तासांचा प्रवास. मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, आता दर रविवारी एक तर ती इकडे, नाही तर मी तिकडे.

पहिल्याच रविवारी मी गेले. तिचं सरकारी क्वार्टर कोर्टाच्या मागेच होतं. तिने चहा केला, आम्ही खूप हसलो. मग तिने दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "रागावणार नाहीस ना? तू इथे आलीस हे उद्या सकाळी सगळ्या बाररूमला माहीत असेल."

"असू दे. मैत्रीण आहे मी."

"तू वकील आहेस. तुझे सीनियर माझ्या कोर्टात येतात. उद्या मी त्यांच्या बाजूने निकाल दिला तर लोक काय म्हणतील? आणि विरुद्ध दिला, तर मी मुद्दाम दिला का, हे मलाच कळणार नाही."

मी चहा संपवला. ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. निघताना तिने माझ्या पिशवीत घरच्या शेंगांची चटणी घातली आणि फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. दारातच उभी राहिली.

त्यानंतर मी वडूजची कामं घेणं बंद केलं. वडूजच्या कोर्टाखाली येणाऱ्या खटाव भागातले पक्षकार आमच्याकडे पुष्कळ यायचे, पण मी ते सीनियरांकडे वळवायची. मला वाटायचं, मी तिच्यासमोर उभीच राहिले नाही तर निदान पत्रं तरी चालू राहतील. पण पत्रंही थांबली. आधी ती शेकडो मैलांवर होती तेव्हा लिहायची. आता दोन तासांवर होती आणि आमच्यात काहीच येत-जात नव्हतं. साताऱ्याच्या स्टँडवर वडूजची पाटी लावलेली एसटी दिसली की मी उगाच खिडक्यांमधून बघायची.

असं वर्षभर गेलं. मग आमच्या सीनियरांना छातीचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी त्यांना प्रवास बंद केला. वडूजच्या कामांतली बरीचशी त्यांनी तिथल्या वकिलांना दिली. एक मात्र राहिलं. खटाव तालुक्यातली एक बाई होती, नवरा फौजेत असताना वारलेला. माहेरच्या जमिनीत तिने वाटणीचा दावा लावला होता, आणि दावा चालू असतानाच भाऊ जमीन विकायला निघाले होते. त्यांना विक्रीची मनाई करा, असा अर्ज होता. ती बाई दुसऱ्या वकिलाकडे जायला तयार होईना.

सीनियर खाटेवरून म्हणाले, "तू जा."

मी त्यांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "न्यायाधीशालाही मैत्रिणी असतात. त्यात लपवायचं काय? तू तुझं काम कर, ती तिचं करेल."

ती आल्यानंतर वडूजच्या कोर्टात मी पहिल्यांदा शिरले तेव्हा ती खाली मान घालून लिहीत होती. काळा कोट, पांढरे बँड, केस घट्ट बांधलेले. आमच्या कामाचा पुकारा झाला. मी उभी राहिले आणि वाकून म्हणाले, "मॅडम, वादीतर्फे." तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. समोरच्या बाजूला त्याच गावचे एक जुने वकील होते. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, वादीच्या वकील आणि मी सांगलीला एकत्र काम केलेलं आहे. आमची मैत्री आहे. आपल्या पक्षकाराची हरकत असेल तर आत्ताच सांगा, हे काम दुसऱ्या कोर्टाकडे पाठवण्यासाठी मी वर लिहीन."

ते जुने वकील मागे वळून आपल्या पक्षकारांशी बोलले आणि म्हणाले, "हरकत नाही, मॅडम. तसं लिहून देतो."

आमची मैत्री आहे. भरल्या कोर्टात, शिरस्तेदार, पट्टेवाला, दोन्हीकडचे भाऊबंद यांच्यासमोर तिने ते म्हटलं. वर्षभरात तिच्या तोंडून मी ऐकलेलं हेच पहिलं वाक्य.

मी युक्तिवाद केला. माझ्याकडे उच्च न्यायालयाचा एक जुना निवाडा होता. सामाईक जमीन वाटणी होईपर्यंत विकायला मनाई करता येते, असं त्यात होतं. हा निवाडा आम्हीच दोघींनी सांगलीला दुसऱ्या एका कामासाठी शोधला होता. मी प्रत वर दिली. तिने ती वाचली. ओळखली असणारच.

मग तिने विचारलं, "हा पुढे पाळला गेलाय, की बदललाय, हे बघितलंत?"

तिने मला अहो-जाहो केलं. पण प्रश्न तोच होता, आवाजही तोच.

मी म्हटलं, "साताऱ्याचे अलीकडचे खंड बाइंडिंगला गेलेत, मॅडम. हाती होते तेवढे बघितले."

"मग पूर्ण बघून या. इथल्या कपाटात काय आहे हे आपल्याला माहीतच आहे." तिच्यामागे एक लोखंडी कपाट होतं. त्यात कायद्याची चार जुनी पुस्तकं आणि वरच्या खणात पट्टेवाल्याचा डबा. "तोपर्यंत प्रतिवादींनी विक्री करू नये." असं म्हणून तिने पुढची तारीख दिली.

मी सांगलीला गेले. आईला वाटलं, माहेरपणाला आले. मी पिशवी ठेवली आणि थेट लायब्ररी गाठली. टेबल तेच होतं, फक्त वर काच बसवली होती. आमच्या जागी दोन नवे वकील क्रिकेटबद्दल बोलत बसले होते. मी दुसऱ्या टोकाला बसले, डायजेस्ट काढला, खंड उतरवले आणि चाळायला लागले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी वर्ष आणि पान मोठ्याने म्हणतेय. ते दोघे माझ्याकडे बघत होते. मी गप्प झाले. मग एकदा आकडा वाचायचा, मग स्वतःच यादीवरून बोट फिरवायचं, मग पुन्हा वर येईपर्यंत आकडा विसरलेला असायचा. जे काम आम्ही गप्पा मारत केलं असतं त्याला मला दिवस पुरेना. मला तिची इतकी आठवण कधीच आली नव्हती, लग्नानंतर पहिल्या दिवाळीतसुद्धा नाही. खरं तर ती काही दूर नव्हती. चारच दिवसांनी मी तिच्यासमोर उभी राहणार होते.

लायब्ररी बंद व्हायच्या सुमारास ते सापडलं. मागच्या वर्षीच्या खंडात मोठ्या पीठाने आमचा निवाडा फिरवला होता. ज्याचा जो हिस्सा आहे तो विकायला त्याला सरसकट मनाई करता येत नाही, विकत घेणाऱ्याने दाव्याची जोखीम डोक्यावर घेऊनच घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे माझ्या अर्जातला जीवच गेला.

मी दोन्ही निवाड्यांच्या प्रती काढल्या. आपल्या विरुद्धचा निवाडा माहीत असून तो कोर्टापुढे ठेवायचा नाही, असं कोणी मला शिकवलं नव्हतं. आणि ज्या टेबलावर तो मिळाला तिथून तर ते सुचणारही नव्हतं.

तारखेला मी उभी राहिले आणि सांगितलं, "मॅडम, आधी दिलेला निवाडा आता टिकत नाही. हा नंतरचा." समोरचे वकील चकित झाले. त्यांनाही तो मिळाला नव्हता. तिने प्रत घेतली आणि बराच वेळ वाचत राहिली. मग मी उरलेलं बोलले. बाई विधवा आहे, भाऊ चांगली पाण्याखालची जमीन आधी विकून टाकतील आणि हिच्या वाट्याला माळ येईल. तिने सगळं लिहून घेतलं. एकदाही मला थांबवलं नाही.

दुपारनंतर तिने हुकूम वाचला. अर्ज नामंजूर. मात्र जो कोणी जमीन घेईल त्याला दाव्याचा निकाल बंधनकारक राहील आणि दावा लवकर चालवला जाईल, असंही त्यात लिहिलं होतं. वाचताना तिचा आवाज एकदा बारीक झाला, की मला तसा भास झाला, कोण जाणे. मी वाकले आणि बाहेर आले.

स्टँडवर माझी पक्षकार माझ्याशेजारी बसली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "वकीलबाई, त्या मॅडम तुमच्या मैतरीण हाईत म्हनं. तिथं सगळ्यांम्होरं बोलल्या."

"हो."

"मग आसं कसं झालं?"

"कायदा बदललाय. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं."

एसटी यायला वेळ होता. वारा सुटला होता आणि स्टँडभर धूळ होती. मग ती म्हणाली, "तुमी तरी कशाला दावला त्यो कागूद?"

"मी नसता दाखवला तर उद्या त्यांना कोणीतरी दाखवला असता. मग माझा शब्द तिथे कोणी धरला नसता. तुमचासुद्धा."

तिला ते पटलं का नाही, कळलं नाही. पण ती म्हणाली, "तुमास्नी वाईट वाटलंय व्हय? मला वाटलं त्यापरीस तुमीच लय रडवेल्या झालाया." आणि पिशवीतून दोन पेरू काढून एक माझ्या हातात दिला. काम तिने माझ्याकडेच ठेवलं. भावांनी थोडी जमीन विकली, घेणाऱ्याला आम्ही दाव्यात सामील केलं, आणि शेवटी तिला हिस्सा मिळाला तो उरलेल्या बागायतीतच. तो निकाल मात्र माझ्या मैत्रिणीने दिला नाही. तोवर तिची बदली झाली होती.

बदलीचं मला बाररूममध्ये कळलं. विदर्भात, अगदी पलीकडच्या टोकाला. मला वाटलं आता ती अशीच जाईल. पण ज्या दिवशी तिने चार्ज सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आमच्या ऑफिसात फोन आला. "मी साताऱ्याच्या स्टँडवर आहे. पुण्याच्या गाडीला अवकाश आहे. येतेस?"

मी गेले. ती ट्रंकेवर बसली होती. अंगावर साधी फिकी साडी, केस सैल. मला बघून तिने नावाने हाक मारली. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. आता ती माझ्या जिल्ह्याची न्यायाधीश नव्हती आणि नव्या गावची अजून झाली नव्हती. मनात केवढं साठलं होतं माझ्या. त्या हुकुमाबद्दल विचारायचं होतं, तो वाचून दाखवताना तिला काय झालं होतं ते विचारायचं होतं. पत्रं का थांबवलीस, तेही. आणि आम्ही बोललो काय, तर गॅसचं कार्ड बदलायला किती त्रास होतो. तिच्या वडिलांच्या मोतीबिंदूबद्दल बोललो. माझ्या मुलीला दात येत होते, त्यावर तिने कसलीशी मुळी सांगितली. मिसळ आली, ती दोघींनी एका बशीत खाल्ली. तिने पिशवीतून रुमाल काढून मला दिला आणि मी बोटं पुसली.

"एकटी काम करतेस का लायब्ररीत?" तिने विचारलं.

"हो. वेळ लागतो."

"मलाही. निकाल लिहायला बसते ना, तेव्हा समोरच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. मग मीच तुझ्यासारखी भांडते. मोठ्याने. पट्टेवाला घाबरतो."

मी हसले, पण मला धड हसता आलं नाही. गाडी लागली. कंडक्टरने ट्रंक वर चढवली. खिडकीत बसल्यावर ती म्हणाली, "आता लिही मला. आता चालेल."

मी लिहिलं. तीही लिहायची, मग फोन आले, मग फोनही सणावारी झाले. पुढे तिचंही लग्न झालं, ती जिल्हा न्यायाधीश होऊन निवृत्त झाली आणि आता मुलाकडे नागपूरला राहते. मध्ये कधी आम्ही एका गावात राहिलो नाही. मीही आता कोर्टात रोज जात नाही.

ती विदर्भात गेल्यावर काही वर्षांनी साताऱ्याच्या बार लायब्ररीत संगणक आला होता. सीडीच्या एका चकतीत सगळे निवाडे. कलम टाकलं की यादी समोर, आणि फिरवलेल्या निवाड्यापुढे तशी खूणसुद्धा. ज्या दिवशी तो बसवला त्या दिवशी सगळे भोवती गोळा झाले. मलाही एकाने खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडम, टाका काहीतरी." मी तो जुना सामाईक जमिनीचा निवाडा टाकला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पडद्यावर आलं की हा आता लागू नाही.

सगळ्यांना मजा वाटली. मलाही वाटली. काम सोपं झालं, पक्षकाराचा वेळ वाचला, कोणालाही सांगलीपर्यंत जायला लागणार नाही, हे सगळं खरं होतं. मी खुर्चीवरून उठले आणि दुसऱ्याला जागा दिली. मग कपाटाशी जाऊन उगाच एक खंड उतरवला आणि उभ्या उभ्याच चाळत राहिले. त्यात शोधायचं असं काही नव्हतं.